झेंड्यावर लिहिलेलं सगळं हरलेला पक्ष : नॉर्वेचे 'केआरएफ'वाले

दक्षिणकिनारा (धागालेखक)

गेल्या शनिवारी शेजारच्या आजींबरोबर 'बासार'ला गेलो होतो. शब्द आपल्या ओळखीचाच, बाजार. पण नॉर्वेच्या या दक्षिण टोकाला त्याचा अर्थ प्रार्थनाघरातली लॉटरी असा होतो. प्रार्थनाघर म्हणजे चर्च नव्हे, 'बेदेहूस'. पांढऱ्या रंगाची लाकडी इमारत, आत एक हॉल, एक पियानो, आणि हॉलपेक्षा महत्त्वाचं स्वयंपाकघर. दारातच वेलचीचा वास आला. इथे वॉफलच्या पिठात वेलची घालतात. आत गेल्यावर लाकडी पट्ट्या विकत घ्यायच्या. पट्टीवर आकडे असतात. मग चक्र फिरवतात, आपला आकडा लागला की बक्षीस. बक्षीस काय, तर कॉफीचं पाकीट, फळांची टोपली, नाहीतर कुणीतरी विणलेले लोकरीचे मोजे. पैसे जातात मिशनला. चक्र थांबत येतं तेव्हा पंचाहत्तरीच्या बायका ज्या नजरेने त्याच्याकडे बघतात, ते मात्र बघण्यासारखं असतं.

"म्हणजे जुगारच की हा," मी म्हटलं. आजींनी उत्तर न देता माझ्या बशीत आणखी एक वॉफल टाकलं.

तर असल्या खोल्यांमधून एक राजकीय पक्ष निघाला. क्रिस्तेली फोल्केपार्ती, म्हणजे ख्रिस्ती लोकपक्ष; सगळे केआरएफच म्हणतात. त्याने देशाला दोन पंतप्रधान दिले. आज १६९ जणांच्या संसदेत त्याचे ७ खासदार आहेत. इथे अकरा वर्षं काढल्यावर माझं एक मत झालंय, ते ठोकून बघायला हा धागा काढतोय : या पक्षाने झेंड्यावर जे लिहिलं ते जवळपास सगळं तो हरला, आणि जाता जाता जे केलं ते देशाने इतकं आपलंसं केलं की ते यांच्या हातून झालं हेसुद्धा कुणाला आठवत नाही.

आधी थोडा इतिहास. १७४१ मध्ये इथे एक फर्मान निघालं, की पाद्र्याच्या परवानगीशिवाय लोकांनी धार्मिक सभा भरवायच्या नाहीत. हान्स नीलसेन हौगे नावाचा शेतकऱ्याचा मुलगा तरीही गावोगाव पायी हिंडून प्रवचनं करत राहिला. १८०४ साली त्याला आत टाकलं. पुढे इंग्रजांच्या नाकेबंदीमुळे देशात मिठाचा तुटवडा झाला, तेव्हा सरकारने याच कैद्याला बाहेर काढून मीठ कसं बनवायचं ते लोकांना दाखवायला पाठवलं, आणि काम झाल्यावर परत कोठडीत घातलं! ते फर्मान रद्द व्हायला १८४२ उजाडलं. बेदेहूस ही त्याच परंपरेची पिलं. पाद्र्याची गरज नाही, बिशपचं ऐकायची गरज नाही, दारू वर्ज्य, आणि पश्चिम किनाऱ्यावर तर भाषाही राजधानीची नको, खेड्यातल्या बोलींवरून घडवलेली नीनोश्क हवी.

ही मंडळी आधी व्हेन्स्त्रे या उदारमतवादी पक्षात होती. (व्हेन्स्त्रे म्हणजे 'डावे'. हल्ली बसतात उजव्यांबरोबर. विचारू नका.) तिथे आपल्याला कुणी विचारत नाही असं वाटायला लागलं, म्हणून १९३३ च्या सप्टेंबरात बर्गनला वेगळी चूल मांडली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत निल्स लाविक हा एकटा गडी निवडून आला. १९९७ मध्ये हाच पक्ष १३.७ टक्के मतं आणि २५ जागांवर पोचला. तो त्यांचा कळस.

आता हरण्याची यादी. १९७८ मध्ये बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भपाताचा निर्णय बाईचा, हा कायदा जेमतेम एका मताने झाला. पक्षाने त्याचा एवढा धसका घेतला की १९८१ मध्ये उजव्यांचं सरकार आलं तेव्हा 'हा कायदा बदलणार नसाल तर आम्ही आत येत नाही' म्हणून बाहेर बसले. दोन वर्षांनी आले. कायदा होता तिथेच. डिसेंबर २०२४ मध्ये तर मर्यादा अठराव्या आठवड्यापर्यंत गेली. समलिंगी विवाहाला विरोध केला, तो कायदा २००९ पासून लागू आहे. शाळेत ख्रिस्ती धर्म शिकवण्याच्या विषयावरून देश स्ट्रासबूरच्या मानवी हक्क न्यायालयात हरला, विषयाचं नाव बदललं. मग २०१५ मध्ये यांनी आटापिटा करून त्या नावात ख्रिस्ती धर्माचा 'के' परत घालून घेतला. आरएलईचं केआरएलई झालं. एक अक्षर!

आणि जाता जाता केलेलं काय? तर हॉटेल-बारमध्ये धूम्रपानबंदी, १ जून २००४, आरोग्यमंत्री दागफिन होयब्रोतेन, केआरएफ. तेव्हा शिव्या खाल्ल्या. आता ती उठवा म्हणणारा माणूस सापडत नाही. तेल निधीने (तेलाच्या पैशातून उभा केलेला देशाचा निधी) कुठल्या कंपन्यांत पैसे घालायचे नाहीत याचे नैतिक नियम, तेही २००४, पंतप्रधान केआरएफचा. आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट, जी कुठल्याच जाहीरनाम्यात नव्हती.

ऑगस्ट १९९८. पंतप्रधान शेल माग्ने बोंदेविक, स्वतः दीक्षा घेतलेले पाद्री, सकाळी अंथरुणातून उठू शकेनात. अशा वेळी 'प्रकृती अस्वास्थ्य' म्हणायची सोय सगळीकडे असते. त्यांनी जाहीर केलं, की मला नैराश्याचा त्रास आहे, डॉक्टरांनी रजा लिहून दिली आहे. तीन-साडेतीन आठवडे कारभार आन्ने एंगर लानस्टाइन या मित्रपक्षाच्या बाईंनी पाहिला. मग हे परत आले, आणि लोकांनी २००१ मध्ये त्यांना पुन्हा पंतप्रधान होऊ दिलं. आमच्या ऑफिसात कुणी 'डोकं ठीक नाही म्हणून दोन आठवडे सुट्टीवर' असं मोकळेपणाने सांगतं, तेव्हा मला दरवेळी तेच आठवतात.

बोला आता.

गजाननराव

वाचतोय. रोचक. एक भाबडा प्रश्न : ख्रिस्ती पक्ष म्हणजे कडवे उजवेच ना? मग डाव्या-उजव्याच्या मधोमध कसे?

दक्षिणकिनारा

गजाननराव, दारू, कुटुंब, गर्भपात इथे उजवे. पण गरीब देशांना मदत, कर्जमाफी, निर्वासितांची मुलं इथे चक्क डाव्यांच्याही डावीकडे. मिशनमुळे यांच्या घराघरात मादागास्कर नाहीतर टांझानियाची पत्रं यायची. बोंदेविकच्या काळातल्या विकासमंत्री हिल्डे फ्राफ्योर्द जॉन्सन यांचा जन्मच टांझानियातला, मिशनरी आईवडिलांच्या पोटी. २००३ मध्ये इराक युद्धाला नाही म्हणणारा पंतप्रधानही यांचाच. त्यामुळे फ्रेमस्क्रित्सपार्ती नावाचे जे परदेशी लोकांवर तोंडसुख घेणारे, स्वस्त दारूवाले उजवे आहेत, त्यांच्याशी यांचं कधी पटलं नाही. इस्रायलवरचं प्रेम मात्र दोघांचं सारखं.

वसईचा वारा

आम्ही वसईचे, पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक. शीर्षक बघून मोठ्या आशेने आत आलो, तर यात पोप नाही, बिशपचं ऐकायचं नाही, वाइनपण नाही! मिस्सा कशावर करतात मग? (ह. घ्या.) गंभीर प्रश्न : तिथल्या कॅथलिक लोकांना हा पक्ष आपला वाटतो का?

दक्षिणकिनारा

वसईकर, तुम्हाला हे आवडणार नाही. १८१४ च्या नॉर्वेच्या राज्यघटनेत लिहिलं होतं, की जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ) आणि मठवासी पंथ खपवून घेतले जाणार नाहीत आणि ज्यूंना देशात प्रवेश नाही. ज्यूंवरची बंदी १८५१ मध्ये उठली, मठवाल्यांवरची १८९७ मध्ये. जेझुइटांवरची कधी? १९५६! ३१ खासदारांनी तेव्हाही विरोधात मत दिलं आणि त्या विरोधकांत केआरएफचे लोक होते. अर्थात आज तो भांडणाचा विषय उरलेला नाही. इथल्या कॅथलिक चर्चमध्ये रविवारी पोलिश आणि फिलिपिनो लोकांची गर्दी असते.

आणखी एक. २०१३ पर्यंत पक्षाच्या पदावर बसायचं किंवा उमेदवार व्हायचं तर 'मी ख्रिस्ती आहे' अशी कबुली द्यावी लागायची. ती अट त्या वर्षीच्या अधिवेशनात काढली. आता ख्रिस्ती मूल्यांसाठी काम करायची तयारी दाखवली की पुरे. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मीही उभा राहू शकतो.

वसईचा वारा

१९५६ म्हणजे माझे बाबा शाळेत होते, आणि त्यांना गणित शिकवणारे फादर जेझुइट! नॉर्वेला गेले असते तर बेकायदेशीर ठरले असते बिचारे. घरी सांगतो ही गंमत.

अनघा ओस्लोकर

लेख चांगला आहे, पण लेखकमहाशयांना दक्षिणेची हवा लागली आहे. 😀 जाता जाता केलेल्या गोष्टींत एक सोयीस्करपणे राहिली : 'कोन्तान्तस्तोत्ते'. १९९८ मध्ये बोंदेविक सरकारने आणली. मूल एक-दोन वर्षांचं असताना पाळणाघरात घातलं नाही तर घरी दरमहा रोख पैसे. नाव 'निवडीचं स्वातंत्र्य'. निवड कोण करतं, तर बहुतेक वेळा आई. आणि त्यातही जिचा पगार कमी ती. माझ्या इमारतीत परदेशातून आलेल्या तीन बायका आहेत, तिघींनी ते पैसे घेतले. तीन वर्षांनी ना त्यांना भाषा येत होती ना नोकरी होती. मुलं शाळेत गेली तेव्हा वर्गातला अर्धा संवाद डोक्यावरून. डावे पक्ष हेच ओरडून सांगत होते.

माझं स्वतःचं : आई नाशिकहून सहा महिने येणार होती, म्हणून आम्हीही अर्ज केला होता. नियम असा, की दोघाही पालकांची इथल्या सामाजिक विम्यात पाच वर्षं भरलेली हवीत. माझी भरली होती, नवऱ्याला चार महिने कमी! अर्ज परत. तेव्हा चिडचिड झाली, मुलीला तेराव्या महिन्यात पाळणाघरात टाकलं, पहिला आठवडा मी बाहेर बाकावर बसून रडले. आज ती माझं नॉर्वेजियन सुधारते. त्यामुळे या पक्षाचे आभार मानू की त्या चार महिन्यांचे, ठरत नाहीये.

टेबलठोक

अनघाताईंशी सहमत, शिवाय मूळ मुद्द्यालाच माझा आक्षेप. धूम्रपानबंदी आयर्लंडने दोन महिने आधी केली होती, ती लाट होती. तेल निधीचे नियम सगळ्या पक्षांनी मिळून केले. कंपन्यांच्या संचालक मंडळांवर ४० टक्के बायका हा २००३ चा कायदाही त्याच सरकारच्या काळातला, पण रेटला होयरे या उजव्या पक्षाच्या मंत्र्याने. उद्या त्याचंही श्रेय वॉफलला देणार का? पंतप्रधान यांचा होता म्हणून सगळं यांचं, हा हिशोब मला पटत नाही. मुळात पंतप्रधान झाले तेच दुसऱ्याच्या चुकीने. १९९७ ला मजूर पक्षाच्या याग्लान यांनी '३६.९ टक्क्यांपेक्षा कमी पडली तर मी जाणार' म्हणून स्वतःच रेघ मारली. पडली ३५. गेले. मग १६५ पैकी ४२ खासदारांचं सरकार आलं, बेचाळीस!

दक्षिणकिनारा

टेबलठोक, श्रेयाचं थोडं मान्य. तेल निधीचं तर पूर्ण मान्य. पण ४२ खासदारांवर अडीच वर्षं सरकार चालवणं हेच यांचं कसब, असं मी म्हणेन. हे पहिल्यांदा नव्हतं. १९७२ मध्ये युरोपीय समुदायात जायचं की नाही यावर सार्वमत झालं, लोक नाही म्हणाले, सरकार पडलं, आणि मोठ्या पक्षांना तोंड दाखवायला जागा नव्हती. तेव्हा लार्स कोर्वाल नावाचे शेतकी शाळेचे मास्तर पंतप्रधान झाले. वर्षभर टिकले. दोन मोठे भांडले की मधल्याला बोलावतात. तराजूचा काटा व्हायचं, पारडं नाही. आणि मार्च २००० मध्ये सरकार गेलं तेही कशावरून, तर प्रदूषण करणारे गॅसवरचे वीजप्रकल्प नकोत म्हणून. गर्भपातावरून नाही.

कोन्तान्तस्तोत्तेवर अनघा, तुझं म्हणणं बरोबर आहे. मी ते मुद्दाम टाळलं नव्हतं, पण सोयीचं नव्हतं हे खरं.

गजाननराव

मग १३.७ वरून चारवर कसे आले? काटा मोडला कुणी?

दक्षिणकिनारा

निम्मं तर आपोआप. बेदेहूसची दारं बंद व्हायला लागली, काहींची उन्हाळी घरं झाली, आमच्या इथल्या एकात योगवर्ग चालतो (शिकवणारी बाई इथलीच, उच्चार ऐकवत नाहीत). उरलेल्यांतले कडक लोक 'हे फार मवाळ झाले' म्हणून छोट्या पक्षांत गेले.

पण मोडला म्हणाल तर २०१८. अध्यक्ष क्नूत आरिल हारैदे. हसरा, लोकांना आवडणारा माणूस. उजव्या एर्ना सोलबर्गच्या सरकारला पक्ष बाहेरून पाठिंबा देत होता, पण आत जायचं तर फ्रेमस्क्रित्सपार्तीच्या मांडीला मांडी लावून बसायचं. सप्टेंबरच्या शेवटी हारैदे यांनी सभेत उभं राहून सांगितलं, की माझा कौल डावीकडे, मजूर पक्षाबरोबर. त्यांचे दोन्ही उपाध्यक्ष उजवीकडचे! पाच आठवडे पक्षात घराघरात भांडणं. इथे दुकानाच्या रांगेतसुद्धा 'लाल की निळा' (म्हणजे डावे की उजवे) चालायचं. २ नोव्हेंबरला खास अधिवेशन भरलं. उजवीकडे ९८, डावीकडे ९०.

आठ मतं. पाच जण उलटे गेले असते तर इतिहास वेगळा.

हारैदे अध्यक्षपदावरून गेले, पक्ष जानेवारी २०१९ मध्ये सरकारात गेला. एर्नाबाईंनी त्यांना खेचायला गर्भपाताच्या कायद्यात थोडा बदल देऊ केला होता. त्यावरून ८ मार्चला रस्ते भरून बायका उतरल्या. हाती काय लागलं? एकाहून अधिक गर्भ असताना त्यातला एक काढायचा तर समितीची परवानगी. एवढंच. आणि ज्यांच्याबरोबर बसायचं की नाही यावर पक्ष फाटला, ते फ्रेमस्क्रित्सपार्तीवाले जानेवारी २०२० मध्ये स्वतःच सरकार सोडून गेले. मग हारैदे त्याच सरकारात मंत्री झाले. गोष्ट रचली असती तर कुणाला पटली नसती.

टेबलठोक

हे मात्र भारी. काट्याला पारडं व्हायला सांगितलं की तो मोडणारच. (मूळ मुद्द्याला माझा विरोध कायम.)

दुमका ते दादर

मी निवृत्त बँकवाला. धागा बघून राहवलं नाही. नोकरीत काही वर्षं दुमक्याला होतो, आताच्या झारखंडात. तिथून जवळ बेनागडिया म्हणून गाव आहे. १८६७ मध्ये लार्स स्क्रेफसरूड हा नॉर्वेचा आणि ब्योरेसेन हा डेन्मार्कचा माणूस तिथे संथाळांत मिशन घेऊन आले. स्क्रेफसरूड तरुणपणी तुरुंगात जाऊन आलेला! त्याने संथाळी भाषेचं व्याकरण १८७३ मध्ये छापलं. पुढे बोडिंग या नॉर्वेजियन माणसाने संथाळीचा पाच खंडांचा शब्दकोश केला. आमच्या शाखेतला एक संथाळ कारकून हिंदीत अडखळायचा, पण रोमन लिपीतली संथाळी पुस्तकं घडाघडा वाचायचा. ती लिपी कुठून आली, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तुमच्या त्या बासारचे पैसे कुठे जायचे?

दक्षिणकिनारा

काका, दंडवत! तिथेच जायचे. 'सान्ताल्मिशून' हा शब्द इथल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. २००१ मध्ये ती संस्था दुसरीत विलीन होऊन नॉरमिशून झाली. मी भारतातला म्हटल्यावर आजींनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, "सान्ताल?" मी म्हटलं, नाही, सातारा. बराच वेळ दोघंही आपापल्या जागी ठाम होतो.

गजाननराव

हाहाहा. आता शेवटचं विचारतो. ३.८ टक्क्यांना ३ जागा आणि ४.२ ला ७ असं कुठेतरी वाचलं. हे गणित कसलं?

दक्षिणकिनारा

बरोबर वाचलंत. १६९ पैकी १५० जागा जिल्ह्याजिल्ह्यातून भरतात. उरलेल्या १९ समतोल साधायला, म्हणजे देशभर मतं विखुरली म्हणून ज्यांचं नुकसान झालं त्यांना. पण त्या वाटपात बसायचं तर देशात ४ टक्के हवेत. २०२१ मध्ये हे ३.८ वर अडकले, दार बंद. फक्त थेट जिंकलेले तिघे उरले : वेस्त-आग्देर, रोगालान, होर्दालान. नकाशावर बघा, सगळी बेदेहूसची किनारपट्टी. निवडणुकीच्याच महिन्यात अध्यक्ष रोप्स्ता यांनाही, संसदेने दिलेल्या घराच्या आणि करांच्या प्रकरणावरून, पद सोडावं लागलं. नैतिकतेचा पक्ष म्हटल्यावर ते जास्तच लागलं. नंतर ओलेउग बोलेस्ता आल्या, पेशाने नर्स. २०२४ पासून दाग इंगे उल्स्ताइन आहेत, बर्गनचे. २०२५ ला ४.२ टक्के, दार उघडलं, सात. त्याच निवडणुकीत व्हेन्स्त्रेला ३.७ टक्के आणि तीन जागा. ज्यांच्यातून बाहेर पडले ते आता दाराबाहेर.

अनघा ओस्लोकर

मला संसदेला मत नाही, भारतीय पासपोर्ट सोडवत नाही. पण इथे तीन वर्षं राहिलं की नगरपालिकेला मत देता येतं. २०२३ ला दिलं. आडोशाच्या मागे रॅकमध्ये सगळ्या पक्षांच्या याद्या रचलेल्या असतात, आपली उचलायची, दुमडायची, बाहेरून शिक्का मारून घ्यायचा, पेटीत टाकायची. केआरएफची यादी हातात घेऊन बघितली. त्यात आमच्या पाळणाघरातली सर्वांत प्रेमळ मावशी होती. परत ठेवली, पण नीट ठेवली.

वसईचा वारा

रविवारची दुकानं राहिली! ती बंद ठेवणारे हेच ना?

दक्षिणकिनारा

हेही, आणि कामगार संघटनाही. त्या बाबतीत देव आणि युनियन एकत्र आहेत. रविवारी फक्त शंभर चौरस मीटरपेक्षा लहान दुकान उघडं असतं. काल दूध संपलं तेव्हा मीही या पक्षाला मनातल्या मनात बोलून घेतलं.

गजाननराव

आजी कुणाला मत देतात ते नाही सांगितलंत.

दक्षिणकिनारा

आज विचारलं. म्हणाल्या, "सत्त्याण्णवला यांनाच दिलं होतं. पुढचं विचारू नकोस." मग आत गेल्या, लोकरीचा गुंडा घेऊन आल्या आणि माझ्या बायकोच्या पायाचं माप मागितलं. पुढच्या बासारला मोज्यांचा एक जोड आमच्या मापाचा असणार आहे. तो लागायचा तर पट्ट्या मलाच घ्याव्या लागतील.